गुरूंहून वृद्ध शिष्य

डिसेंबर 2015. पश्चिम लंडनमधल्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत रोलिंग स्टोन्स आपली नवी गाणी ध्वनिमुद्रित करायला जमले होते. जागा नवी, तिथला आवाज अजून अंगवळणी पडलेला नाही, म्हणून हात मोकळे करायला त्यांनी लिट्‌ल वॉल्टरचं एक जुनं ब्लूज गाणं वाजवून पाहिलं. ते झकास बसलं. मग दुसरं घेतलं, मग तिसरं. तीन दिवसांत बारा गाणी तयार झाली आणि त्यातलं एकही त्यांनी स्वतः लिहिलेलं नव्हतं. एरिक क्लॅप्टन योगायोगाने त्याच स्टुडिओत आपलं काम करत होता, तो दोन गाण्यांत गिटार वाजवून गेला. वर्षभराने 'ब्लू अँड लोनसम' या नावाने हा अल्बम आला आणि 2018मध्ये त्याला पारंपरिक ब्लूजसाठीचं ग्रॅमी मिळालं.

या अल्बमचा विचार करताना मला दर वेळी एक हिशेब थक्क करतो. ज्यांची गाणी ऐकून ही मुलं संगीताकडे वळली, त्यातला लिट्‌ल वॉल्टर 1968मध्ये सदतिसाव्या वर्षी गेला. हाउलिन वुल्फ 1976मध्ये गेला तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. मडी वॉटर्स 1983मध्ये गेला, सत्तरीच्या आसपास. आणि त्या डिसेंबरात ड्रमर चार्ली वॉट्स चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, गायक मिक जॅगर बहात्तर, गिटारवाला कीथ रिचर्ड्स बहात्तरीच्या उंबरठ्यावर. शिष्य गुरूंहून वृद्ध झाले होते. वडाखाली बसलेला तरुण गुरू आणि त्याच्यासमोर वृद्ध शिष्य, हे दक्षिणामूर्तीचं चित्र आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लंडनच्या त्या स्टुडिओत ते अक्षरशः घडलं. गुरूंनी जिथवर वाट घालून दिली होती, ती संपली होती. पंचाहत्तरीत, ऐंशीत हे संगीत कसं वाजवायचं, हे दाखवणारं या गुरूंपैकी पुढे कुणीच उरलं नव्हतं.

मागची कथा सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. मिक आणि कीथ दोघेही डार्टफर्डचे, लहानपणी एकाच शाळेत. ऑक्टोबर 1961मध्ये डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर पुन्हा भेटले तेव्हा मिकच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या. जुलै 1962मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचं नाव मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून घेतलेलं. जानेवारी 1963मध्ये चार्ली आला आणि अठ्ठावन्न वर्षं ड्रमवर बसून राहिला.

मला सांगायचं आहे ते उत्तरार्धाबद्दल. म्हातारपणात हा बँड टिकला याचं श्रेय लोक जिद्दीला देतात, नशिबाला देतात, पैशालाही देतात. मला वाटतं, खरं उत्तर त्यांच्या वाजवण्याच्या पद्धतीतच दडलेलं आहे. विशी-पंचविशीत त्यांनी जे निवडलं, ते वय झालेल्या शरीरालाही झेपणारं निघालं. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं, म्हणून तर ते इतकं विलक्षण वाटतं.

चार्लीच्या उजव्या हातापासून सुरुवात करू. रॉकचा साधा ठेका चार मात्रांचा. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, मात्रेला दोन याप्रमाणे आठ टोले देतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर या ड्रमवर काठी मारतो. म्हणजे या दोन मात्रांना दोन्ही हात एकदम पडतात. जगातले बहुतेक ड्रमर असंच वाजवतात. चार्ली या दोन जागी उजवा हात उचलून घ्यायचा. हाय-हॅट गप्प, स्नेअर एकटा. आठाचे सहा टोले झाले. ऐकताना हे चटकन कळत नाही, पण स्नेअरचा टोला मोकळ्या हवेत पडल्यासारखा वाजतो, कारण त्याच्या सोबतीला दुसरा कुठलाच आवाज नसतो. शिवाय हात उचलून पुन्हा आणायला जो सूक्ष्म वेळ लागतो त्यात ठेक्याला एक झोका मिळतो. स्टोन्सची गाणी चालतात, पळत नाहीत, त्यामागे हा उचललेला हात आहे.

आता वयाचा विचार करा. कमी टोले, कमी जोर, आणि वाद्यंही कमी. सत्तरच्या दशकात इतर बँडचे ड्रमर भोवती ढोलांचे डोंगर रचत होते तेव्हाही चार्लीपुढे मोजके चार ड्रम आणि थोड्या झांजा होत्या. मनाने तो जॅझवाला, आणि जॅझमध्ये ताकदीपेक्षा मनगटाला किंमत. अशी माणसं ऐंशीपर्यंत वाजवू शकतात. ताकदीवर उभे राहिलेले ड्रमर साठीतच थकतात, आणि त्यांचं थकणं प्रत्येक टोल्यात ऐकू येतं. चार्लीचं येत नव्हतं. (हाच माणूस दौऱ्यात ज्या ज्या हॉटेलात उतरे तिथल्या पलंगाचं रेखाचित्र काढून ठेवी, आणि हे त्याने अनेक दशकं केलं. शिस्त म्हणजे काय ते मला या सवयीतून जास्त कळतं.)

7 एप्रिल 2003 रोजी स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. त्याच्या तीन दिवस आधी बंगळूरला. काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या कॅसेटींवर ज्यांची तरुणाई गेली असे आम्ही कितीतरी जण त्या गर्दीत होतो. अनेकांच्या अंगावर बँडचं बोधचिन्ह असलेली ती लाल जीभ होती. जॉन पाश या चित्रकार विद्यार्थ्याने 1970मध्ये ती काढली, आणि त्याआधी मिकने त्याला कालीमातेचं एक चित्र दाखवलं होतं. जीभ अशी आपल्याच देशातून फिरून आलेली. गर्दीतले सगळे मिककडे बघत होते. मी ड्रमकडे बघत होतो, आणि पडद्यावर चार्लीचा चेहरा आला की त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून हात कधी उचलला जातो ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. एकसष्ट वर्षांचा माणूस, एप्रिलचा मुंबईचा उकाडा, आणि दोन तास एकही टोला वाकडा नाही.

पण ठेका चार्लीचा असला तरी पुढारपण त्याचं नव्हतं. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमच्या मागून चालतात. इथे उलटं. बेस गिटार वाजवणाऱ्या बिल वायमनने हे कोडं उलगडून सांगितलं आहे: स्टोन्समध्ये ड्रमर गिटारच्या मागून जातो. कीथ हात टाकतो, चार्ली त्याला धरतो, आणि दोघांमध्ये सेकंदाचा अगदी लहानसा अंश शिल्लक राहतो. त्या फटीमुळे सगळं गाणं सुटेल की काय असं वाटत राहतं, आणि ते सुटत नाही. यंत्रावर लय नेमून घेणाऱ्यांना हे साधत नाही, कारण त्यासाठी दर क्षणी एकमेकांचं ऐकत राहावं लागतं.

मोठ्या मैदानात हे ऐकणं किती अवघड असतं ते बघा. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ड्रमपासून 30 मीटर लांब मंचाच्या टोकाला कुणी उभं असेल, तर टोला त्याच्या कानापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळपास अकरावा हिस्सा जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हा उशीर मात्रेच्या सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्तच होतो. इतक्या अंतराने तबला आणि सतार वाजले तर मैफल मोडेल. म्हणून मंचावर जागोजागी स्पीकर असतात, कानात यंत्रं असतात; तारेतून आवाज जवळजवळ तत्काळ पोचतो. तरीही कीथ पुन्हा पुन्हा चालत ड्रमपाशी जाऊन उभा राहतो. चित्रफितींत हे बघताना मला वाटतं, त्याला आवाजाइतकीच ड्रमरच्या अंगाची हालचाल हवी असते.

कीथचे हात हा या उत्तरार्धातला सगळ्यात हृदयाला भिडणारा भाग. त्याच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजून गाठाळ झालेत, हे कुठल्याही छायाचित्रात दिसतं. त्याने स्वतःच सांगितलंय की दुखत नाही, पण बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत, त्यामुळे वाजवण्याच्या नव्या तऱ्हा शोधाव्या लागतात, आणि त्या शोधताना काहीतरी नवीन सापडतं.

इथे पुन्हा तरुणपणीची एक निवड मदतीला आली असं मला वाटतं. 1968च्या सुमारास कीथने गिटारची जुळणीच बदलली. गिटारच्या सहा तारा नेहमी अशा लावतात की नुसता हात फिरवला तर कुठलाही नीट स्वरमेळ ऐकू येत नाही. बहुतेक कॉर्डसाठी तीन-चार बोटं ताणून वेगवेगळ्या ठिकाणी दाबावी लागतात. कीथने जुन्या ब्लूज वादकांची आणि बँजोवाल्यांची जुळणी उचलली. सहावी, सगळ्यात जाड तार त्याने काढूनच टाकली. उरलेल्या पाच तारा आपल्या भाषेत सांगायच्या तर सा, प, सा, ग, प. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण स्वरमेळ वाजतो. एक बोट आडवं ठेवलं की सगळा मेळ वर सरकतो. जाड तार ठेवली असती तर तळाशी पंचम आला असता. ती काढल्यामुळे तळाशी षड्ज येतो आणि पाया भक्कम होतो. मधल्या तीन तारांची जुळणी तर मुळातलीच राहते.

'हाँकी टाँक विमेन' आणि 'स्टार्ट मी अप' ही गाणी या पाच तारांवर उभी आहेत. ती ऐकताना तळातले षड्ज-पंचम सतत घुमत राहतात आणि वर दोन बोटांचं थोडंसं काम चालतं. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटलं तर आश्चर्य नाही. कीथचं आवडतं पिवळट टेलिकास्टर गिटार 1950च्या दशकातलं आहे. डिकन्सच्या कादंबरीतल्या पात्रावरून त्याला मिकॉबर म्हणतात. पाच तारांचं हे वाद्य हातात असलं की कमी बोटांनी जास्त नाद निघतो. पंचविशीत हा नादाचा शोध होता. ऐंशीत तोच शोध सुजलेल्या सांध्यांना पुरून उरला. आणि कीथ आता पूर्वीपेक्षा कमी वाजवतो. दोन फटकाऱ्यांमध्ये मोठी जागा सोडतो. मला त्याचं आजचं वाजवणं जास्त आवडतं.

मिकची गोष्ट वेगळी. माणसाच्या वयाबरोबर स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांवरचा ओलावा कमी होतो, स्वरयंत्राची कूर्चा हाडासारखी कडक होत जाते, फुप्फुसं पूर्वीइतकी हवा घेत नाहीत. लांब, स्थिर, गोल स्वरावर ज्यांचं गाणं उभं असतं त्यांना याचा मोठा फटका बसतो. मिकचं गाणं कधीच त्यावर उभं नव्हतं. तो शब्द चावतो, तोडतो, ठेक्याच्या पुढेमागे फेकतो. ते काम जिभेचं आणि ओठांचं, आणि जीभ-ओठ फार उशिरा थकतात. श्वासाची काळजी तो व्यायामाने घेतो. वडील जो जॅगर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, ती शिस्त घरातूनच आलेली. एप्रिल 2019मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, त्याच्या हृदयाची झडप बदलली. 21 जूनला तो शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पुन्हा मंचभर पळत होता.

त्याच्या गळ्याइतकंच बोलायला हवं त्याच्या माउथ ऑर्गनबद्दल, आणि चाहतेही ते विसरतात. श्वास आत घेतानाही सूर देणारी वाद्यं थोडी. माउथ ऑर्गन त्यातलं. ब्लूजवाल्यांची युक्ती अशी, की वाद्याच्या पंचमाला षड्ज मानायचं आणि मुख्यतः आत ओढलेल्या श्वासावर वाजवायचं. मग कोमल निषाद आपोआप हाताशी येतो, आणि तोंडातली पोकळी बदलून शुद्ध गंधार खाली ओढला की कोमल गंधार मिळतो. ब्लूजची सगळी कळ या दोन कोमल सुरांत आहे, आणि ती श्वास आत घेताना निघते. 'ब्लू अँड लोनसम'मध्ये लिट्‌ल वॉल्टरने गाजवलेली चार गाणी आहेत. त्यांत मिक जे वाजवतो ते ऐकून मला पहिल्यांदा जाणवलं, की जगप्रसिद्ध गायकाच्या मागे एक फार चांगला वादक इतकी वर्षं झाकून गेला होता.

या तिघांच्या बाजूला पियानोवर चक लेव्हेल बसत आला आहे. 1982पासून तो त्यांच्यासोबत आहे, आणि मोठ्या वह्यांमध्ये प्रत्येक गाण्याची पट्टी, बांधणी, कुठे कोणी थांबायचं याच्या नोंदी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दौरे नसले की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आपल्या जमिनीवर झाडं वाढवतो, जंगल राखतो. बँडची स्मृती अशा माणसाच्या हवाली आहे, ज्याला तीस-चाळीस वर्षांनी तयार होणाऱ्या पिकाची सवय आहे.

सगळंच मला पटतं असं नाही. 2005च्या 'अ बिगर बँग'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम यायला अठरा वर्षं लागली, आणि चार्लीच्या हयातीत एवढा काळ वाया जायला नको होता. मैफलींतली गाणीही फार ठरलेली. त्यांच्या संथ, उदास गाण्यांना आता जास्त जागा मिळायला हवी, ती या आवाजाला शोभतील. पण मार्च 2016मध्ये हवानात लाखो लोकांपुढे त्यांनी विनामूल्य कार्यक्रम केला, तेव्हा ठरलेली गाणी हीच योग्य होती. क्यूबात एके काळी रॉक ऐकणं सरकारी नजरेत गैर होतं. तिथल्या पन्नाशी-साठीतल्या माणसांनी ही गाणी तरुणपणी चोरून ऐकली होती आणि आता ती उघड्यावर, पूर्ण आवाजात ऐकत होती.

चार्ली 24 ऑगस्ट 2021 रोजी गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. तब्येत बिघडल्यावर आपल्या जागी कोण, हे त्यानेच सुचवलं होतं: स्टीव्ह जॉर्डन, ज्याने कीथबरोबर 1988चा 'टॉक इज चीप' हा अल्बम केला होता. सप्टेंबरात सेंट लुइसला दौरा सुरू झाला तेव्हा मंच रिकामा होता; नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर चार्लीची छायाचित्रं. मग गाणं सुरू झालं. जॉर्डनचा हात चार्लीपेक्षा भारी आहे, टोला जास्त ठोस पडतो, आणि त्याने चार्लीची नक्कल केली नाही हे मला आवडलं. ती फट मात्र गेली. ती दोन विशिष्ट माणसांच्या मधली होती.

ऑक्टोबर 2023मध्ये 'हॅकनी डायमंड्स' आला. निर्माता अँड्र्यू वॉटची चकाकी मला काही गाण्यांत खटकते, पण 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' ऐकताना तक्रार विसरायला होते. पियानोवर स्टीव्ही वंडर, गायला लेडी गागा, आणि गाणं संपलंसं वाटत असतानाच मिक ते पुन्हा उचलतो आणि तारस्वरात नेतो. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा गळा तिथे थरथरतो, आणि मिक ती थरथर लपवायचा प्रयत्नही करत नाही. अल्बमच्या शेवटी बाकी सगळे बाजूला होतात. कीथची गिटार, मिकचा गळा आणि माउथ ऑर्गन, आणि मडी वॉटर्सचं ते गाणं, ज्यावरून 1962मध्ये नाव घेतलं होतं. इतक्या वर्षांत ते त्यांनी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. या अल्बमला 2025मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

रॉक हे तरुणांचं संगीत आणि वय झालं की थांबावं, असं अजूनही म्हणतात. हे मला कधीच पटलं नाही. आपल्याकडे बुजुर्ग गवयाच्या मैफलीला आपण आवर्जून जातो, त्याचा दम किती उरला हे मोजायला जात नाही. ब्लूजमध्येही वय ही अडचण नव्हती. मडी वॉटर्स अखेरच्या वर्षांपर्यंत गात होता, आणि 1981मध्ये शिकागोच्या एका लहानशा क्लबात हेच स्टोन्स त्याच्या शेजारी उभे राहून वाजवत होते. 2024च्या त्यांच्या अमेरिका दौऱ्याला पन्नाशीपुढच्या लोकांसाठी काम करणाऱ्या एएआरपी या संस्थेचं प्रायोजकत्व होतं, आणि मैदानं भरली होती.

ज्यांनी या बँडचं उत्तरायुष्य ऐकलं नसेल त्यांनी 'हॅकनी डायमंड्स'मधलं 'लिव्ह बाय द स्वोर्ड' आधी लावावं, आणि हेडफोनवरच. पियानो एल्टन जॉनचा आहे. बेसवर बिल वायमन आहे, तीसहून जास्त वर्षांपूर्वी बँड सोडलेला आणि वयाची ऐंशी केव्हाच ओलांडलेला. ड्रमवर चार्ली आहे, जाण्याआधी वाजवून ठेवलेला. या दोघांची जोडी पुन्हा ऐकायला मिळणार नाही, तेव्हा आवाज थोडा मोठा ठेवा.